लेखणी आणि पगार

चंदीगड ही पगारदारांची नगरी आहे. १९५३ साली तिचे उद्घाटन झाले, आणि १९६६ पासून पंजाब, हरियाणा व केंद्रशासित प्रदेश अशी तीन शासने तिच्यात नांदत आहेत. महिन्याअखेर हाती येणारी ठरावीक रक्कम हाच येथील प्रपंचाचा कणा. अशा घरात कोणी लेखनावर पोट भरण्याची भाषा केली, की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते. ती आठी अगदीच अनाठायी नसते. पण ती शेवटचा शब्दही नव्हे.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. नोकरीतून ते मुक्त झाले १८७९ साली. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप यांची पहिली कादंबरी १८४७ साली आली. टपालखात्याची नोकरी त्यांनी सोडली १८६७ साली. मधली वीस वर्षे ते नोकरी सांभाळूनच लिहीत. दोघांनीही आधी लेखणी चालवली, मग नोकरीकडे पाठ फिरवली. हा क्रम उलटला, की उपासमारीची वेळ येते.

आज महाजालामुळे लेखकाचे गिऱ्हाईक गावातच असण्याचे कारण उरलेले नाही. चंदीगडला बसून पुण्याच्या प्रकाशकासाठी अनुवाद करता येतो किंवा मुंबईच्या व्यापाऱ्यासाठी माहितीपत्रक लिहिता येते. तेथील मराठी कुटुंबात मराठी, हिंदी व इंग्रजी घरचीच असतात आणि पंजाबी रोज कानी पडते. ज्या भूमीत नामदेवांचे घुमान आहे, आणि जेथे २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेथे दोन भाषांमधला हा दुवा नवा नाही.

प्रारंभ मात्र लहान असावा. रोजचा एक तास राखून ठेवावा आणि ज्या विषयाचा स्वतःला अनुभव आहे तोच धरावा. साधा, साचेबंद मजकूर आता यंत्रेही लिहू लागली आहेत. स्वतः पाहिलेले आणि पारखलेले लिहिणाऱ्यालाच पुढे मोल राहील. तीन-चार उत्तम नमुने तयार झाले, की मगच काम मागावे. मोबदल्याचा हिशेब शब्दांवर नव्हे, तासांवर करावा. समजा, ५०० शब्दांना ५०० रुपये मिळाले आणि काम पाच तास चालले, तर तासाला १०० रुपयेच पडले. ‘नावासाठी’ फुकट लिहिण्याची सवय एकदा लागली, की ती सहजी सुटत नाही.

कायद्याची ओळखही हवी. १९५७ च्या कायद्यानुसार नोकरीबाहेर स्वतंत्रपणे लिहिलेल्या लेखाचा स्वामित्वहक्क सामान्यतः प्रथम लेखकाचाच असतो. तो दुसऱ्यास द्यायचा तर लेखी व सहीचा करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षांची धरली जाते. म्हणून सही करण्यापूर्वी कागद पूर्ण वाचावा. सूक्ष्म उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी केलेल्या व्यावसायिकाचे पैसे कमाल ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने घातले आहे.

सरकारी नोकराने मात्र आणखी जपावे. चंदीगड प्रशासनाच्या कर्मचाऱ्यांना १ एप्रिल २०२२ पासून केंद्रीय सेवानियम लागू झाले. १९६४ चे वर्तणूक नियम प्रसंगोपात्त वाङ्मयीन कामास पूर्वपरवानगीवाचून मुभा देतात. पण शासनाने सांगितल्यास ते थांबवावे लागते. ‘प्रसंगोपात्त’ या शब्दातच सारे मर्म आहे. दर आठवड्याला ठरलेल्या मोबदल्यावर लिहिणे हे प्रसंगोपात्त राहत नाही. तेथे आधी लेखी परवानगी घेणेच शहाणपणाचे.

मग नोकरी सोडावी कधी? एखाद्या महिन्याची मोठी कमाई पाहून नव्हे. लागोपाठ वर्षभर लेखनाचे पैसे घरखर्चास पुरले, ते एकाच गिऱ्हाइकाकडून आलेले नसले, आणि सहा महिन्यांची शिल्लक गाठीशी असली, तर विचार करावा. तोवर पगार हा लेखणीचा वैरी नसून तिचा आश्रयदाता आहे. वडीलधाऱ्यांच्या कपाळावरची आठी युक्तिवादाने जात नाही. महिन्यामागून महिना जमाखर्चाची वही त्यांच्यापुढे ठेवली, की ती आपोआप सैल होते.