लोणच्याच्या बरणीवरचा आकडा

मटार स्वस्त झाले की आपल्या घरात काय चालतं ते मैत्रिणींनो, मी वेगळं सांगायला नको. दुपारी टीव्हीसमोर सोलायला बसायचं, मूठभर उसळीला काढायचे, बाकीचे उकळत्या पाण्यातून काढून पिशव्या भरून फ्रीजरमध्ये ठेवायचे. आपल्या लेखी शेंगेतला काय नि पिशवीतला काय, मटार तो मटारच.

कस्टमच्या लेखी मात्र तसं नाही. तिथे या एका मटाराला पाच घरं आहेत. ताजा असेल तर ०७०८. कच्चा किंवा नुसता उकडून गोठवला तर ०७१०. लोणी-मसाला घालून शिजवून मग गोठवला तर २००४. शिजवून डबाबंद केला तर २००५. आणि कडकडीत वाळवला की तो डाळी-कडधान्यांच्या पंगतीत जाऊन बसतो, ०७१३. (ही सालं नाहीत बरं का, मीही आधी दचकलेच होते!) घर बदललं की कर बदलतो, कधी नियम बदलतात, आणि एखाद्या वेळी माल जाणार की बंदरावर अडकणार हेही त्यावरच ठरतं.

किराणा दुकानाच्या पक्क्या बिलावर 'एचएसएन' असं लिहून पुढे जो आकडा असतो, तो हाच. ब्रसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेने ही यादी तयार केली आणि १ जानेवारी १९८८ पासून ती लागू झाली. आज दोनशेहून जास्त देश-प्रदेश ती वापरतात. पहिले दोन आकडे म्हणजे प्रकरण. भाज्यांचं प्रकरण ७ वं, आणि भाज्या-फळांपासून 'तयार केलेल्या' पदार्थांचं २० वं. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे ज्या-त्या देशाचे. आपल्याकडे एकूण आठ असतात.

आता तुम्ही म्हणाल, हे निर्यातदारांनी बघावं, आपल्याला काय त्याचं? पण बचत गटांच्या प्रदर्शनात जरा कान देऊन ऐका. एखादा व्यापारी लोणच्याची चव घेतो, खूष होतो आणि विचारतो, "ताई, माल बाहेर पाठवायचा आहे. यात व्हिनेगर किती?" ताई जवळजवळ रागावतेच. "छे हो! आमचं अस्सल घरगुती आहे. मीठ, मोहरी, हळद, तेल. व्हिनेगर-बिनेगर काही नाही." ताईला वाटतं आपण मालाची शुद्धता सांगितली. खरं तर तिने मालाचं घर सांगितलेलं असतं, आणि पुष्कळदा ते दोघांनाही कळत नाही.

त्याचं असं आहे. लोणचं म्हटलं की डोळे मिटून २००१ लिहून टाकायची पद्धत पडली आहे. पण या शीर्षकाचे शब्द नीट वाचले तर तिथे 'लोणचं' असं म्हटलेलंच नाही. 'व्हिनेगर किंवा ॲसेटिक ॲसिडने टिकवलेल्या भाज्या, फळं' असं म्हटलंय. युरोपीय संघाने तर मापच घालून दिलंय. उडून जाणारं आम्ल, ॲसेटिक ॲसिडच्या हिशेबात, वजनाच्या किमान ०.५ टक्के हवं, तरच माल २००१ मध्ये. नुसतं आंबट असून भागत नाही. जर्मन लोक कोबी मिठात आंबवून ठेवतात, तोंडात पाणी येईल इतका आंबट, पण त्याची आंबटाई व्हिनेगरची नाही. म्हणून तो कोबी २००५ मध्ये. मग आपलं तेला-मिठातलं गाजराचं लोणचं? तेही भाजीचं, म्हणजे त्याच वाटेचं. आणि कैरीचं किंवा लिंबाचं? ती फळं, म्हणून व्हिनेगर नसेल तर त्यांचा रस्ता २००८ कडे. एकाच बाईने, एकाच ओट्यावर, एकाच दिवशी घातलेल्या दोन बरण्या, आणि आकडे दोन!

खारातल्या भाजीची गोष्ट आणखी वेगळी. आपण नाही का, पुढे लोणचं घालायचं म्हणून कैऱ्या खारवून ठेवतो? तशा ठेवलेल्या भाज्यांना ०७११ हे घर आहे, फळांना ०८१२. अट एकच, त्या अवस्थेत ते खाण्यासारखं नसावं. म्हणजे टिकवण तात्पुरती, पुढे कुणीतरी खारटपणा काढून पदार्थ करायचा. घर्किनचं उदाहरण घ्या. परदेशात बर्गरमध्ये चकत्या घालतात ती ही बोटभर काकडी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात तिची लागवड सुरू झाली, मग तमिळनाडू, आंध्र, तेलंगणात पसरली. २०२०-२१ मध्ये भारतातून २ लाख २३ हजार टनांवर काकडी आणि घर्किन बाहेर गेली, साधारण २२ कोटी ३० लाख डॉलरची. त्यातली पिंपात खारवून गेलेली ०७११ मध्ये आणि व्हिनेगरच्या बाटलीत, उघडून थेट खाता येईल अशी गेलेली २००१ मध्ये. अमेरिकेच्या तक्त्यात पहिलीवर मूळ कर ७.७ टक्के, दुसरीवर ९.६. वेळोवेळी वर लादतात तो कर निराळा. म्हणजे आपण जास्त काम करून, बाटलीत भरून, लेबल लावून पाठवलं तर दारात कर जास्त! श्रीमंत देशांची ही जुनी खोड आहे. कच्चा माल तुम्ही द्या, वरची मेहनत आणि वरचा नफा आमच्याकडे राहू द्या.

भाजी की फळ या वादावर तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात खटला झालाय. तिकडे १८८३ च्या कायद्याने आयात भाजीवर १० टक्के कर होता, फळांवर नव्हता. न्यूयॉर्कच्या निक्स नावाच्या व्यापाऱ्यांचं म्हणणं, टोमॅटो हे फळ, वनस्पतिशास्त्रात तसंच आहे. कोर्टात शब्दकोश वाचून दाखवले गेले. १० मे १८९३ ला निकाल लागला, की शास्त्र काही म्हणो, लोक टोमॅटो जेवणात खातात, जेवणानंतर गोड म्हणून नाही, तेव्हा ती भाजीच. स्वयंपाकघराने वनस्पतिशास्त्राला हरवलं म्हणायचं! आजही टोमॅटोचा हिशेब सरळ नाही. पल्प किंवा प्युरी २००२ मध्ये, केचप सॉसच्या घरात, म्हणजे २१०३ मध्ये. रस २००९ मध्ये, पण त्यात कोरडा अंश ७ टक्के किंवा जास्त असेल तर पुन्हा २००२. मिरचीचंही तसंच. हिरवी असताना ती भाजी, ०७०९. वाळली की मसाला, ०९०४.

आणि कांदा! नाशिककडच्या मैत्रिणींना हे सांगायला नको. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली ती ४ मे २०२४ ला उठली. लासलगावला भाव कोसळले, घराघरांत लग्नं पुढे गेली, दागिने गहाण पडले. पण ही बंदी होती ०७०३ मधल्या, म्हणजे अख्ख्या कांद्यावर. चिरून वाळवलेला किंवा भुकटी केलेला कांदा ०७१२ मध्ये येतो आणि बंदीत तो धरला नव्हता. गुजरातेतलं महुवा तर या वाळवणीच्या कारखान्यांचं गावच, आपल्याकडे जळगावलाही हे काम चालतं. कांदा तोच, पण वाळवायची सोय ज्याच्याजवळ त्याला वाट मोकळी, आणि चाळीत साठवणारा शेतकरी अडकला. वाळवणं हे पिढ्यान्‌पिढ्या बायकांचं काम, पण यंत्रं आणि नफा दुसऱ्यांचा झाला, हे मला तरी सलतं.

देशातल्या विक्रीतही हाच आकडा लागतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा २००१ च्या मालावर १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला. पापडावर मात्र मुळीच नाही.

तेव्हा उद्या कुणी "काकू, तुमचं लोणचं बाहेर पाठवतो" म्हणत आलं तर हुरळून जाऊन कोऱ्या कागदावर सही करू नका. कृती मापासकट लिहून द्या, व्हिनेगर किती, मीठ किती, तेल किती, शिजवलंय की कच्चं, आणि त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा. एजंटाने कोणता आकडा टाकलाय ते विचारा. तुमच्या गटाच्या नावाने माल जात असेल तर चुकीच्या आकड्याचा भुर्दंड गटालाच पडतो, एजंट हात झटकून मोकळा. अडलंच तर आपल्या कस्टमकडून आगाऊ निर्णय मागता येतो, त्यासाठी मुंबईत प्राधिकरण आहे. मात्र तो निर्णय इकडचा. तिकडच्या बंदरात तिकडचं कस्टम ठरवणार, म्हणून घेणाऱ्यालाही त्याच्या देशात विचारून घ्यायला सांगा. हे सगळं लेबलं छापायला टाकण्याआधी, नाहीतर हजार लेबलं रद्दीत जातात.