अडलेला आकडा, वाढणारे बळ

कराटेच्या वर्गात नाव घातल्यानंतरचे पहिले दोन महिने उत्साहाचे असतात. पहिल्या दिवशी जेमतेम चार पुश-अप काढणारी मुलगी महिन्याभरात दहापर्यंत पोहोचते आणि घरी आल्याबरोबर अभिमानाने तो आकडा सांगते. पुढे एके दिवशी आकडा बारावर थांबतो. एक आठवडा जातो, तीन आठवडे जातात. तेरावा काही केल्या निघत नाही. याच टप्प्यावर काही मुले-मुली ‘आपल्या अंगात ताकदच नाही’ अशी मनाशी खूणगाठ बांधतात आणि पांढऱ्या पट्ट्यावरच वर्ग सोडून देतात. वस्तुतः थांबलेला आकडा म्हणजे अपयश नव्हे. आता पद्धत बदलावी, एवढेच शरीर त्यातून सुचवीत असते.

आकडा का थांबतो?

आरंभीची वाढ बरीचशी मज्जासंस्थेची असते. कोणते स्नायू केव्हा आवळावेत, तोल कसा सांभाळावा, हे शरीर शिकते आणि आकडा भराभर चढतो. प्रत्यक्ष स्नायू भरण्यास मात्र अधिक काळ लागतो, आणि ते काम व्यायामानंतरच्या विश्रांतीत चालते. जो रोज हात थरथरेपर्यंत पुश-अप काढतो, तो शरीराला उभारणीसाठी अवकाशच देत नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. पुश-अपमध्ये शरीराच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भार हातांवर येतो. वाढत्या वयातील मुलाचे वजन 50 किलोवरून 54 किलो झाले आणि आकडा बारावरच राहिला, तरी प्रत्येक वेळी तो आधीपेक्षा सुमारे अडीच किलो अधिक उचलीत असतो. आकडा थांबलेला दिसला, तरी बळ वाढलेले असते. पालकांनी हे मुलांना आवर्जून सांगावे.

घरच्या घरी उपाय

इंदापूर तालुक्यातील डाळजसारख्या गावात व्यायामाची महागडी यंत्रे घरोघरी कोठून असणार? परंतु त्यांची आवश्यकताही नाही. स्वयंपाकघरातील ओट्यावर हात टेकून पुश-अप काढले की भार हलका होतो. ओसरीच्या पायरीवर हात टेकले की तो थोडा वाढतो. जमिनीवर हात आणि पाटावर पाय ठेवले की आणखी वाढतो. अशा रीतीने एकाच घरात हलक्यापासून जडपर्यंतच्या साऱ्या पायऱ्या उपलब्ध असतात.

बारावर अडलेल्याने रोज तेराव्याशी झुंज घेऊ नये. एक दिवसाआड, मध्ये पुरेसा दम घेत, सहा-सहाचे पाच फेरे करावेत. पुढच्या आठवड्यात सात-सातचे, त्यापुढे आठ-आठचे. चौथा आठवडा हलका ठेवावा आणि त्याच्या अखेरीस ताज्या अंगाने एकदाच कमाल आकडा अजमावावा. प्रत्येक दिवसाची नोंद वहीत करावी.

खाली जाण्याचा वेग हाही महत्त्वाचा. चार-पाच अंक मोजत सावकाश खाली गेल्यास वर येण्याचे बळही वाढते. सूर्यनमस्कारात देह सरळ ताणून छाती हळूहळू जमिनीकडे नेली जाते, ती क्रिया याच जातीची. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला, तेव्हा त्यांनाही कोणत्याही उपकरणाविना घडणारे बळ अभिप्रेत होते.

पोट व कंबर लोंबू देऊ नये, कोपरे दोन्ही बाजूंना पूर्ण फाकवू नयेत, मान खाली टाकू नये. अर्धवट वाकून काढलेल्या वीसपेक्षा छाती जमिनीजवळ नेऊन काढलेले आठ श्रेष्ठ. कराटेतील मुठीवरचे पुश-अप नवशिक्याने जाड घडीच्या सतरंजीवर, मनगट सरळ ठेवून आणि शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावेत. सांधा दुखू लागल्यास थांबावे; दुखणे अंगावर काढण्यात शौर्य नाही.

आहार, उपवास आणि विश्रांती

अंडी वा मांस न खाणाऱ्यास बळ येत नाही, हा समज निराधार आहे. 100 ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे 22 ग्रॅम, तर तेवढ्याच शेंगदाण्यात सुमारे 25 ग्रॅम प्रथिने असतात. वरण, पिठले, दूध, दही, पनीर यांची योग्य सांगड घातल्यास गरज भागते.

चौविहार पाळणाऱ्या मुलांचा वर्ग सायंकाळी असल्यास पुरेसे जेवण वर्गाच्या आधी व्हावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूध वा डाळीचा पदार्थ न चुकता मिळावा. उपवासाच्या किंवा आयंबिलच्या दिवशी कमाल आकडा अजमावू नये. पर्युषणातील दिवस विश्रांतीचा आठवडा मानावेत. एवढ्या खंडाने कमावलेले बळ ओसरत नाही. पुष्कळदा ताजेतवाने झालेले शरीर त्यानंतरच अडलेला आकडा ओलांडते.

आकड्यापलीकडे

आधुनिक कराटेचे जनक मानले जाणारे गिचिन फुनाकोशी यांचा जन्म 1868 सालचा. लहानपणी ते अशक्त आणि आजारी असत. त्यांचे गुरू एकच काता महिनोन्महिने गिरवून घेत. समाधान झाल्यावाचून पुढचा काता शिकवीत नसत. त्याच फुनाकोशींनी 1922 साली ओकिनावाची ही विद्या टोकियोत नेली. ओकिनावातील साधक मडक्यांची तोंडे बोटांच्या पकडीत धरून चालत आणि मडक्यांतील वाळू थोडीथोडी वाढवीत. भार वाढवावा, पण बेताबेताने, ही समज आपल्या तालमींतील वस्तादांनाही होतीच.

कराटेच्या ठोशातील बळही केवळ दंडातून येत नाही; ते पायांतून उगवते, कमरेतून फिरते आणि शेवटी मुठीत उतरते. शिवाय पहिला प्रहार आपण करायचा नाही, ही या विद्येची मूळ शिकवण आहे. ज्या विद्येत संयमाला एवढे स्थान आहे, तिच्या अभ्यासात तेराव्या पुश-अपची वाट पाहणे हाही अभ्यासच होय. वर्ग सोडण्याच्या विचारात असलेल्या मुलाला घरच्यांनी ‘आज किती झाले?’ असे विचारण्याऐवजी ‘आज कसे झाले?’ असे विचारावे. तो वर्गात टिकला, तर आकडा आज ना उद्या पुढे सरकेल.