परमुलखातून निकाल पाहताना

वाचकहो, निवडणुकीचा निकाल म्हणजे पारावर, चावडीपाशी, चहाच्या हॉटेलात दहाजणांनी मिळून ऐकायची गोष्ट. पण आपल्या औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, आणि भोवतालच्या तालुक्यांतली किती तरी मुले पोटासाठी सौदी अरबस्तानात, दुबईत, कतारमध्ये गेली आहेत. त्यांनी हा निकाल कसा पाहावा, आणि पाहण्यापलीकडे त्यांच्या हाती काही आहे की नाही, याचा आज विचार करू.

समजा, कन्नडकडचा एक वायरमन जेद्दाला कामावर आहे. तारीख 23 मे 2019. रमजानचा महिना. खोलीतले सोबती सहेरी आणि पहाटेची नमाज आटोपून मोबाइल घेऊन बसले आहेत. जेद्दात पहाटेचे साडेपाच वाजले की आपल्याकडे सकाळचे आठ होतात आणि मतमोजणी सुरू होते. दुबईत त्या वेळी साडेसहा वाजलेले असतात. थोड्या वेळाने घरून फोन येतो, "अरे, आपला माणूस पुढे आहे!" तासाभराने पुन्हा फोन, "मागे पडला रे!" आता या गड्याचे कामात लक्ष लागावे कसे?

हे पुढेमागे का होते, ते पाहा. आधी टपालाने आलेली मते मोजायला घेतात. अर्ध्या तासाने मतदान यंत्रे मोजायला सुरुवात होते. औरंगाबाद लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे सहा भाग येतात: कन्नड, वैजापूर, गंगापूर आणि शहराकडचे मध्य, पश्चिम व पूर्व. प्रत्येक भागाची मोजणी निराळी, साधारणपणे चौदा टेबलांवर. यंत्रे मतदान केंद्रांच्या क्रमांकाप्रमाणे येतात. पहिल्या फेरीत 1 ते 14, दुसरीत 15 ते 28, अशी ही रांग. एका भागात 300 केंद्रे असली तर 22 फेऱ्या व्हाव्या लागतात. म्हणजे पहिली फेरी सांगते ते फक्त चौदा केंद्रांचे मत. पुढच्या फेरीत दुसरी गावे येतात, आणि पारडे फिरते. खळ्यावरची पहिली चार पोती पाहून कोणी सगळ्या पिकाचा हिशेब करतो का? आघाडीचेही तसेच आहे. यंत्रे संपल्यावरही प्रत्येक भागातल्या पाच केंद्रांच्या कागदी चिठ्ठ्या मोजून ताळा पाहतात. म्हणून शेवटच्या घोषणेला उशीर लागतो.

त्या 2019 च्या निवडणुकीत इम्तियाज जलील यांना 3,89,042 मते मिळाली आणि चंद्रकांत खैरे यांना 3,84,550. फरक 4,492 मतांचा. सहा भागांत वाटला तर एका भागामागे साडेसातशेसुद्धा भरत नाही. पुढे नोव्हेंबर 2024 मध्ये औरंगाबाद पूर्व विधानसभेचा निकाल 2,161 मतांनी लागला. एका मताने काय होते, असे म्हणणाऱ्याने हे आकडे ध्यानात ठेवावेत.

मग परदेशातल्या माणसाला मत आहे की नाही? आहे. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात 2010 साली दुरुस्ती होऊन कलम 20-अ आले, आणि 2011 पासून ते लागू आहे. ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेले नाही आणि ज्याला अठरा वर्षे पूर्ण झाली आहेत, असा परदेशी राहणारा भारतीय नमुना 6-अ भरून, पासपोर्टावर जो पत्ता आहे त्या गावच्या यादीत नाव नोंदवू शकतो. अट एकच, पण जड: मतदानाच्या दिवशी मूळ पासपोर्ट घेऊन त्याने स्वतः केंद्रावर यायला हवे. सैनिकांना आणि परदेशातल्या वकिलातींत काम करणाऱ्या सरकारी नोकरांना टपालाची सोय आहे, वायरमनला नाही. त्याच्या वतीने दुसऱ्याने मत द्यावे, असे विधेयक लोकसभेने 2018 मध्ये मंजूर केले होते, पण ते राज्यसभेत पार पडले नाही आणि 2019 मध्ये लोकसभा विसर्जित होताच बाद झाले.

याचा परिणाम काय झाला? 2024 मध्ये साऱ्या देशात सुमारे 1 लाख 19 हजार परदेशस्थ मतदारांची नोंद होती. प्रत्यक्ष येऊन मत दिले ते जेमतेम तीन हजारांनी, आणि त्यांतही बहुतेक केरळचे. एका मतासाठी रजा काढायची, विमानाचे भाडे भरायचे, हे मजुरी करणाऱ्याला कसे झेपावे? त्याला दोष देऊन भागणार नाही.

तरीही नाव नोंदवणे आपल्या हाती आहे. ईदला, लग्नाला, दिवाळीला तो गावी येतोच. कधी तरी त्याच सुमारास मतदानही येते. तेव्हा यादीत नावच नसले तर? आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार! गुरुजी, मतदार याद्यांचे काम पुष्कळदा तुमच्याकडेच येते. घरोघर फिरताना "मुलगा कुठे आहे?" एवढे विचारून थांबू नका, त्याचा 6-अ भरला का, हेही विचारा. आणि जो कायमचा परत आला आहे, त्याचे नाव साध्या यादीत घालायला साधा नमुना 6 भरून घ्या.

आणि घरच्या मंडळींनो, पुढच्या निकालाच्या दिवशी दर फेरीला फोन करून त्या मुलाचा जीव टांगणीला लावू नका. शेवटचा आकडा जाहीर झाला, की मग निवांत फोन करा. निकाल सांगा, आणि अर्ज भरला का तेही विचारा.