रक्तातील क्रिएटिनीन कमी असणे : अर्थ आणि दक्षता

रक्ततपासणीचा अहवाल आता खेडोपाडीही येऊन पोहोचला आहे. गावात आरोग्य शिबिर भरते, आरोग्य केंद्रात मधुमेहाची वा रक्तदाबाची तपासणी होते आणि काही दिवसांनी आकड्यांनी भरलेला कागद हाती पडतो. त्या कागदावर ‘क्रिएटिनीन’ हा शब्द बहुधा असतोच. हा आकडा वाढला म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावले, एवढे आता पुष्कळांना ठाऊक झाले आहे. परंतु तोच आकडा कमी आढळला तर काय समजावे? काहींना ते मूत्रपिंड उत्तम असल्याचे प्रशस्तिपत्र वाटते, तर काहींना नव्या रोगाची चाहूल वाटते. हे दोन्ही समज अपुरे आहेत. कमी क्रिएटिनीन हा स्वतः रोग नव्हे. तसेच ते मूत्रपिंडाच्या निरोगीपणाचा पुरावाही नव्हे.

क्रिएटिनीन म्हणजे काय?

आपल्या शरीरात क्रिएटीन नावाचे एक द्रव्य असते. त्याचा काही भाग मूत्रपिंड व यकृत यांच्या साहाय्याने शरीरातच तयार होतो आणि काही भाग मांस-मासळीच्या आहारातून मिळतो. या साठ्याचा सुमारे ९५ टक्के भाग स्नायूंत असतो. ओझे उचलणे, धावणे अशा एकाएकी कराव्या लागणाऱ्या श्रमासाठी स्नायूंना तत्काळ शक्ती पुरविणे हे त्याचे कार्य होय. या साठ्यापैकी दररोज दीड ते दोन टक्के क्रिएटीनचे आपोआप क्रिएटिनीनमध्ये रूपांतर होते. क्रिएटिनीनचा शरीरास काही उपयोग नसतो. मूत्रपिंडे ते रक्तातून गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४७ मध्ये या पदार्थाला हे नाव दिले. पुढे १८८६ मध्ये मॅक्स याफे यांनी पिक्रिक आम्लाच्या अल्कधर्मी द्रावणात क्रिएटिनीनमुळे नारिंगी-तांबडा रंग येतो, असे दाखवून दिले. त्याच तत्त्वावर आधारलेली तपासणी आजही अनेक प्रयोगशाळांत केली जाते.

हौदाचे उदाहरण

रक्तातील क्रिएटिनीनची पातळी समजण्यासाठी हौदाचे उदाहरण घ्यावे. हौदात एका बाजूने पाणी येते व दुसऱ्या बाजूने वाहून जाते. पाण्याची पातळी या दोहोंवर अवलंबून असते. येथे येणारे पाणी म्हणजे स्नायूंतून तयार होणारे क्रिएटिनीन आणि वाहून नेणारी वाट म्हणजे मूत्रपिंडे. वाट तुंबली की पातळी चढते, हे खरे. परंतु येणारी धारच बारीक असेल, तर वाट अर्धीअधिक तुंबली तरी हौद भरल्यासारखा दिसणार नाही. पाणी खाली आहे म्हणून वाट मोकळी आहे, असा निष्कर्ष अशा वेळी चुकीचा ठरतो.

सर्वसाधारणपणे प्रौढ पुरुषांत दर डेसिलिटरला ०.७ ते १.३ मिलिग्रॅम आणि स्त्रियांत ०.६ ते १.१ मिलिग्रॅम ही पातळी नेहमीची मानतात. प्रयोगशाळेनुसार या मर्यादा थोड्याफार बदलतात. काही अहवालांत मायक्रोमोल हे एकक असते. अशा आकड्यास ८८.४ ने भागले असता मिलिग्रॅममधील आकडा मिळतो. लहान मुलांचे स्नायू कमी असल्याने त्यांची पातळी स्वाभाविकच कमी असते. तिची तुलना मोठ्यांच्या मर्यादांशी करू नये.

पातळी कमी होण्याची कारणे

सर्वांत सामान्य कारण म्हणजे स्नायूंचे प्रमाण कमी असणे. वाढत्या वयाबरोबर स्नायू झिजतात. दीर्घ आजार, महिनोन्महिने अंथरुणाला खिळून राहणे, अपुरा आहार, स्नायूंचे काही विकार किंवा हातपाय गमवावा लागणे, या सर्वांमुळे क्रिएटिनीन कमी तयार होते. जन्मतः लहान चणीच्या निरोगी व्यक्तीतही पातळी खालच्या मर्यादेजवळ असू शकते. तीत काही वावगे नाही.

दुसरे कारण आहाराचे. शाकाहारी व्यक्तींत ही पातळी मांसाहारी व्यक्तींपेक्षा काहीशी कमी आढळते. उलट, मटणाचे जेवण झाल्यावर काही तास ती वाढते. तिसरे कारण यकृताचे. यकृताच्या जुनाट विकारात क्रिएटीनची निर्मिती घटते, स्नायूही झिजतात. शिवाय काविळीत रक्तात वाढणाऱ्या बिलिरुबिनमुळे तपासणीच्या काही पद्धतींत आकडा खोटाच कमी येतो. शिरेवाटे पुष्कळ द्रव दिल्यास किंवा शरीरात पाणी साचल्यास रक्त पातळ होऊनही पातळी उतरते.

गर्भारपणाचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. या काळात मूत्रपिंडांची गाळणक्षमता सुमारे निम्म्याने वाढते. त्यामुळे क्रिएटिनीन ०.४ ते ०.८ च्या दरम्यान उतरणे स्वाभाविक आहे. मात्र गर्भवतीचा आकडा ०.९ किंवा १.० आला, तर अहवालावर तो ‘नेहमीच्या मर्यादेत’ असे छापलेले असले तरी डॉक्टरांना अवश्य दाखवावा. विशेषतः रक्तदाब वाढला असेल, चेहऱ्यावर वा हातांवर सूज असेल, डोके फार दुखत असेल, तर विलंब करू नये.

खरा धोका कोठे आहे?

१९७६ मध्ये कॉकक्रॉफ्ट व गॉल्ट यांनी मूत्रपिंडाच्या कार्याचा अंदाज करण्यासाठी एक सोपे सूत्र मांडले. १४० मधून वय वजा करावे. उरलेल्या संख्येस किलोग्रॅममधील वजनाने गुणावे. आणि ७२ व क्रिएटिनीन यांच्या गुणाकाराने भागावे. व्यक्ती स्त्री असल्यास उत्तरास ०.८५ ने गुणावे. हे उत्तर दर मिनिटास किती मिलिलिटर रक्तद्रव क्रिएटिनीनपासून मुक्त होतो, ते सांगते.

आता दोन व्यक्ती घेऊ. पहिला ३० वर्षांचा, ६५ किलो वजनाचा शेतकरी. दुसरी ७५ वर्षांची, ४० किलो वजनाची वृद्धा. दोघांचेही क्रिएटिनीन ०.९, म्हणजे अहवालाच्या दृष्टीने निर्दोष. या सूत्राने शेतकऱ्याचे उत्तर सुमारे ११० येते, तर वृद्धेचे केवळ ३४. समजा तिचे क्रिएटिनीन ०.६, म्हणजे अगदी खालच्या मर्यादेवर आहे; तरीही उत्तर ५१ च येते. आकडा तोच वा त्याहून चांगला दिसत असता मूत्रपिंडाच्या शक्तीत एवढे अंतर असू शकते.

याचा परिणाम औषधोपचारावर होतो. जेंटामायसिन, डिगॉक्सिन, मधुमेहावरील मेटफॉर्मिन अशा अनेक औषधांची मात्रा मूत्रपिंडाच्या कार्यावर ठरते. ‘क्रिएटिनीन ठीक आहे’ म्हणून कृश वृद्धास पूर्ण मात्रा दिली, तर औषध शरीरात साचून अपाय होण्याचा संभव असतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या दुकानातून परस्पर आणून घेणे तर अशा व्यक्तींस अधिकच धोक्याचे. दुर्बळ मूत्रपिंडे त्यामुळे आणखी बिघडू शकतात.

आंध्र प्रदेशातील उद्दानम आणि गोव्यातील काणकोण या भागांत नेहमीच्या कारणांवाचून उद्भवणारा जुनाट मूत्रपिंडविकार आढळून आला आहे. अशा भागांत कष्टकरी व कृश माणसांच्या बाबतीत केवळ क्रिएटिनीनच्या आकड्यावर विसंबून चालत नाही.

अधिक खात्रीच्या तपासण्या

अलीकडे अहवालात क्रिएटिनीनसोबत अंदाजित गाळणक्षमताही छापलेली असते. ती बहुधा वय व लिंग यांवरून काढलेली असते. वजन तीत धरलेले नसते. म्हणून अतिशय कृश व्यक्तीच्या बाबतीत तो आकडा वास्तवापेक्षा फुगलेला असू शकतो. शंका असल्यास डॉक्टर ‘सिस्टॅटिन सी’ ही रक्ततपासणी सुचवितात. हे प्रथिन शरीरातील बहुतेक सर्व पेशींत तयार होत असल्याने स्नायूंवर फारसे अवलंबून नसते. तथापि थायरॉइडचे विकार व स्टेरॉइड औषधे यांचा त्यावर परिणाम होतो. लघवीतील प्रथिनांची साधी तपासणीही मूत्रपिंडास झालेल्या इजेची पूर्वसूचना देऊ शकते.

काय करावे, काय करू नये

क्रिएटिनीन कमी आले म्हणून घाबरून जाऊ नये आणि आकडा वाढविण्यासाठी औषधे वा क्रिएटीनची भुकटी घेऊ नये. आकडा वाढविणे हा उपचार नव्हे. पूर्वीचे अहवाल जपून ठेवावेत व शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करवावी, म्हणजे बदल लक्षात येतो. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सर्व औषधांची यादी न्यावी.

वजन नकळत घटत असेल, उठता-बसताना आधार लागत असेल, कावीळ वा पोटात पाणी असेल, तर कमी क्रिएटिनीनमागील मूळ कारण शोधणे अगत्याचे आहे. कारण अपुऱ्या पोषणाचे असेल, तर डाळी, कडधान्ये, दूध, अंडी, मासळी यांचा आहारात समावेश व झेपेल तेवढा व्यायाम उपयोगी पडतो. मात्र मूत्रपिंडाचा वा यकृताचा विकार असलेल्यांनी आहारातील प्रथिने डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावीत.

आरोग्य शिबिरांचे आयोजन करणाऱ्या अधिकाऱ्यांनी क्रिएटिनीनच्या आकड्यासोबत वय व वजन यांची नोंद आवर्जून करवून घ्यावी. ही नोंद करण्यास एका वजनकाट्यापलीकडे काही लागत नाही. परंतु तिच्यावाचून त्या आकड्याचा अर्थ लागत नाही. वरील सूत्राचे गणित शिक्षकांना वर्गात सहज करून घेता येईल. घरी आजीआजोबांचा अहवाल वाचून दाखविण्याचे काम अनेकदा विद्यार्थ्यांवरच येते. ‘आकडा मर्यादेत आहे’ एवढ्यावर न थांबता वजन व वय डॉक्टरांच्या नजरेस आणून देण्याची सवय त्यांना लागली, तर औषधाची अवाजवी मात्रा टळू शकेल आणि लपलेला विकार वेळेवर उघडकीस येऊ शकेल.