बेरिंग की नोझल?

या सदरात हायड्रॉलिक लिफ्टवरचा भाग कबूल केला होता, तो या आठवड्यात मिळणार नाही. बार्शी तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय आणि त्यांना तोवर थांबायला सांगणं बरं नव्हे. त्यांच्या जुन्या मॅसी १०३५ ट्रॅक्टरच्या इंजिनाला ठोका लागलाय. मिस्त्रीने लांब स्क्रू ड्रायव्हर ब्लॉकला टेकवून कान लावला आणि निकाल दिला, ‘बेरिंग गेलं, हाफ इंजिन करावं लागेल.’ इंजिनाखालचं ऑइल चेंबर खोलू द्यावं का, असं ते विचारतात.

आज तरी नको. जुन्या डिझेल इंजिनात नोझलचं पाप बेरिंगच्या माथी मारलं जातं, हे माझं नेहमीचं तुणतुणं आहे. आजचा सगळा भाग त्यावरच खर्ची घालतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापवलेल्या हवेत डिझेल फवारायचं आणि ते आपोआप पेटायची वाट बघायची, एवढाच कारभार. पण फवारा सुटला की लगेच पेट घेतो असं नाही. एखाद्या मिलिसेकंदाचा खोळंबा होतोच. हॅरी रिकार्डो या इंग्रज इंजिनिअरने डिझेलच्या जळण्याचे टप्पे पाडले, त्यातला पहिला हाच. खोळंब्यात जेवढं डिझेल साचतं तेवढं एकदम पेटतं. चुलीत रॉकेल आधी ओतून काडी उशिरा लावली तर जे होतं, तेच. चांगल्या इंजिनातही हा भडका असतो, म्हणून डिझेलचा आवाज मुळातच कडक. पण नोझलची सुई नीट बसत नसेल, टोकाशी थेंब गळत असेल किंवा उघडायचं प्रेशर उतरलं असेल, तर बारीक धुक्याऐवजी जाड थेंब पडतात. ते पेटायला वेळ लागतो, साठा वाढतो आणि ठोका असा बसतो की पिस्टन, गजन पिन, रॉड, क्रँक सगळं दणाणतं. टाइमिंग फार पुढे गेलं तरी हेच, कारण हवा पुरती तापायच्या आतच डिझेल येऊन पडतं. ब्लॉकला टेकवलेल्या स्क्रू ड्रायव्हरला हा दणका वरून आला की खालून, हे कसं कळावं?

म्हणून आधी पाना घ्या. इंजिन चांगलं गरम करा, स्लोवर ठेवा आणि एका नोझलकडे येणाऱ्या पाइपचा नट थोडा सैल करा. डिझेल बाहेर गळायला लागलं की तो सिलिंडर बंद पडला. नटाभोवती फडकं धरा, पण बोटं फवाऱ्याच्या वाटेत कधीच आणू नका. या पाइपातलं डिझेल शंभर-दोनशे बार दाबाने कातडीच्या आत शिरू शकतं. सुई टोचल्याइतकीच खूण दिसते आणि बोट गमावायची वेळ येते. तसं झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

नट आवळा, पुढचा सैल करा. समजा दोन नंबरला ठोका गप्प झाला. इथेच घात होतो. ‘दोन नंबर काढला की आवाज जातो, म्हणजे दोनचं बेरिंग’ असं म्हणून लोक चेंबरच्या बोल्टांना हात घालतात. अहो, भडका बंद झाला की नोझलचा ठोका जातो, आणि भार उतरल्यामुळे बेरिंगचाही जातो. सिलिंडर सापडला, चोर अजून मोकळाच आहे.

आता इंजिन बंद करून दोनचं नोझल तीनला लावा आणि तीनचं दोनला. तांब्याचे वायसर नवे टाका, आणि नोझल धरून ठेवणारे दोन्ही नट आळीपाळीने थोडेथोडे आवळा. एकच बाजू आधी आवळली तर नोझल तिरकं बसतं, सुई अडकते आणि चाचणीच खोटी ठरते. एअर काढा, इंजिन सुरू करा, पुन्हा पाइपचा एकेक नट सैल करून ऐका. ठोका तीन नंबरला गेला, तर दोषी नोझल. ते पंप-नोझलवाल्याकडे न्या. (पंप बनवणारी मायको कंपनी १९५१ साली सुरू झाली, २००८ पासून तिचं नाव बॉश आहे, तरी आपल्याकडे पंप अजून ‘मायकोचा’च.) तिथे टेस्टिंगला लावून फवारा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. त्याचा खर्च हाफ इंजिनच्या पासंगालाही पुरणार नाही.

ठोका दोनलाच चिकटून राहिला तर मात्र मिस्त्रीचा कान खरा असू शकतो. मग ऑइल प्रेशरचा काटा बघा. गरम इंजिनात स्लोवर तो खाली लोळत असेल आणि रेस सोडताना ठोका जास्त उठत असेल, तर रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं, म्हणजे बिग एंडचं बेरिंग धरा. अशा वेळी ‘एवढी पेरणी उरकतो’ म्हणू नका. वेळेत थांबलात तर कदाचित नुसत्या बेरिंगवर भागेल. रेटत राहिलात तर क्रँक ओरखडते, मग घासून साइज मारायची, दहा थाऊ, वीस थाऊ, तीस थाऊ. त्यापुढे नवी क्रँक.

सकाळी थंड इंजिनात वाजून तापल्यावर विरणारा आवाज बहुधा लायनरमध्ये ढिल्या झालेल्या पिस्टनचा. वर हेडपाशी हलकी टिकटिक असेल तर टॅपेट, तिथे फीलर गेज घालून काम भागतं.

आणि पाइपचे तिन्ही नट एकेक करून सैल केले तरी ठोका जसाच्या तसा? मग क्लच दाबून बघा. आवाज बदलला तर इंजिनाला हात लावू नका, शोध मागे क्लच-गिअरबॉक्सकडे. नाही बदलला तर इंजिन बंद करून पुढची क्रँक पुली दोन्ही हातांनी धरून हलवा. ती जागेवर डुलत असेल, तर तिचा बोल्ट आवळायला मिस्त्रीही लागत नाही.