प्रवासी सायकलीची रिम

उज्जैनहून मक्षीच्या पार्श्वनाथ तीर्थास सामानासह सायकलीने जाणारे बंधू ‘रिम कोणती घ्यावी?’ असे आम्हांस विचारतात. आमच्या मते ॲल्युमिनियमची, दुहेरी भिंतीची घ्यावी. हा धातू पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश वजनाचा. पावसात त्यावर ब्रेकही अधिक बरा लागतो. एकेरी भिंतीची रिम स्वस्त खरी, पण ओझे लादलेल्या सायकलीस ती खड्ड्यात दगा देते. आरे कमी करून वजन वाचविण्याचा मोह मागील चाकापुरता तरी टाळावा. तेथे ३६ आरे असावेत. खरी फसगत होते ती मापात. जुन्या दांडी-ब्रेकच्या सायकलीची रिम ६३५ मिलिमीटरची, नव्या प्रवासी सायकलीची बहुधा ६२२ ची. बाजारात दोन्ही ‘अठ्ठावीस इंची’च! एकीचा टायर दुसरीवर बसत नाही. शिवाय दांडी-ब्रेक रिमेस आऱ्यांच्या बाजूने दाबतो. त्यास ही दुहेरी रिम चालतच नाही.