न हलता चालणारा रिले

फ्रिजशेजारच्या व्होल्टेज स्टॅबिलायझरमधून येणारा 'टक्' असा आवाज तुम्ही ऐकला असेल. विजेचा दाब कमीजास्त झाला, की आत काहीतरी हलते आणि हा आवाज होतो. ते हलणारे उपकरण म्हणजे रिले.

रिले म्हणजे विजेच्या हुकमावर चालणारे बटण. त्यात तारेचे एक वेटोळे असते. वेटोळ्यातून थोडा प्रवाह सोडला, की गाभ्यातील लोखंडाचे चुंबक होते, ते एक पट्टी खेचते आणि पट्टीवरचा संपर्कबिंदू समोरच्या बिंदूला टेकतो. अशा रीतीने अल्प प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करता येतो. शिवाय दोन्ही मंडले एकमेकांपासून अलग राहतात. त्यांना जोडते ते केवळ चुंबकीय क्षेत्र.

मग यात उणीव कोणती? थोडा हिशेब करू. संपर्कबिंदू विलग होताना दर वेळी ठिणगी पडते आणि धातू झिजतो. एखादा रिले पूर्ण भारावर १ लाख वेळा चालतो, असे धरा. प्लॅस्टिकच्या वस्तू बनवणाऱ्या यंत्रातील हीटर नेमक्या तापमानावर ठेवण्यासाठी तो दर २ सेकंदांनी एकदा चालू-बंद करावा लागतो, असेही धरा. १ लाख वेळांना लागले २ लाख सेकंद, म्हणजे सुमारे ५६ तास. सोमवारी सकाळी बसवलेला रिले बुधवारी दुपारी निकामी!

यावर उपाय म्हणजे सॉलिड स्टेट रिले. यात हलणारा एकही भाग नाही. सारे काम सिलिकॉनसारख्या घन अर्धवाहकाच्या आत चालते, म्हणून हे नाव.

यात वेटोळ्याची जागा एका चिमुकल्या एलईडीने घेतलेली असते. साधारणपणे ३ ते ३२ व्होल्टचा दिष्ट दाब आणि काही मिलिअँपिअर प्रवाह मिळाला, की तो उजळतो. त्याचा प्रकाश एक पारदर्शक रोधक ओलांडून समोरच्या प्रकाशसंवेदी अर्धवाहकावर पडतो. हुकूम पोचतो तो प्रकाशाच्या रूपाने. मध्ये तार नसल्यामुळे २३० व्होल्टचा दाब नाजूक नियंत्रक मंडलात शिरू शकत नाही.

प्रकाशाचा हा इशारा मिळाला, की थायरिस्टर वाहू लागतो. थायरिस्टर १९५७ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत तयार झाला. त्याचा स्वभाव मोठा गमतीचा आहे. त्याच्या 'गेट' नावाच्या टोकाला क्षणभर प्रवाह दिला, की तो वाहू लागतो. मग गेटचा प्रवाह काढून घेतला तरी तो थांबत नाही. मुख्य प्रवाह जवळजवळ शून्य झाला, तरच तो बंद होतो. तो एकाच दिशेने वाहतो, म्हणून प्रत्यावर्ती प्रवाहासाठी दोन थायरिस्टर परस्परविरुद्ध दिशांनी जोडतात, किंवा दोन्ही दिशांनी वाहणारा ट्रायॅक वापरतात.

आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ आहे. म्हणजे प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. हुकूम थांबला, की पुढच्या शून्याला थायरिस्टर आपोआप बंद पडतो; ठिणगीचा प्रश्नच उरत नाही. बऱ्याच रिलेंमध्ये चालू होण्यासाठीही दाब शून्याजवळ येण्याची वाट पाहण्याची सोय असते. झोपाळ्यावर बसायचे तर तो टोकाला क्षणभर थबकतो तेव्हा बसणे सोपे, तसेच हे. ही वाट फार तर १० मिलिसेकंदांची! बॅटरीचा दिष्ट प्रवाह मात्र आपणहून शून्यावर येत नाही. म्हणून तेथे थायरिस्टरऐवजी मॉस्फेट वापरलेले रिले लागतात.

तेव्हा जेथे बटण वारंवार, निःशब्दपणे आणि ठिणगीविना चालायला हवे, तेथे हा रिले शोभतो. प्लॅस्टिकची यंत्रे, विजेच्या भट्ट्या, वेफर्सच्या पिशव्यांची तोंडे गरम करून चिकटवणारी यंत्रे, प्रयोगशाळेतील स्थिर तापमानाच्या पेट्या ही त्याची काही ठिकाणे.

पण निसर्ग फुकट काही देत नाही. वाहत्या थायरिस्टरच्या दोन टोकांत सुमारे १.२ व्होल्टचा दाब राहतो. २० अँपिअर प्रवाह असेल तर १.२ × २० = २४ वॅट उष्णता रिलेतच निर्माण होते. म्हणून त्याला ॲल्युमिनियमच्या पंखांचा पत्रा जोडावा लागतो. तो नसेल तर रिले जळतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, कारण ती जिवाशी संबंधित आहे. साध्या रिलेत 'बंद' म्हणजे मध्ये हवेची खरीखुरी फट असते. येथे फट नाही, आहे तो सिलिकॉनचा तुकडा. बंद स्थितीतही त्यातून व त्याला जोडलेल्या संरक्षक मंडलातून काही मिलिअँपिअर प्रवाह झिरपत असतो. समजा, हीटर काढून घेतला आणि रिलेकडून येणाऱ्या मोकळ्या तारेला टेस्टर लावला. रिले बंद असूनही टेस्टर उजळेल! त्या तारेला हात लावला तर झटका बसेल. म्हणून दुरुस्तीपूर्वी मुख्य स्विच बंद करणे हाच नियम. रिले बंद आहे एवढ्यावर कधीही विसंबू नये.

तिसरी गोष्ट अशी, की हा रिले बिघडतो तेव्हा बहुधा 'चालू' अवस्थेतच अडकतो. मग हुकूम थांबला तरी हीटर तापतच राहतो. म्हणून जाणता तंत्रज्ञ अशा भट्टीत तापमान मर्यादेबाहेर गेल्यास वीज तोडणारे दुसरे, स्वतंत्र साधन बसवतो, आणि ते बहुधा जुन्या पद्धतीचे, 'टक्' करून फट पाडणारेच असते.

आता तुम्हीच एक हिशेब करा. २३० व्होल्टवर चालणारा २३०० वॅटचा हीटर या रिलेने चालवला, तर रिलेत किती वॅट उष्णता निर्माण होईल? उत्तर काढा आणि मग सांगा, त्याला पंखांचा पत्रा लागेल की नाही?